शकूआत्यांची सावली

नवलनगरीला जायचं हे ठरायला त्या घरात चहा निवण्याइतकाही वेळ लागला नव्हता. जायचं कशाने आणि उतरायचं कुठे, हे मात्र तिसरा रविवार उजाडला तरी ठरत नव्हतं.

हेमांगी जेवणाच्या टेबलाशी हनुवटी तळहातावर टेकून बसली होती. समोरच्या भिंतीवर हॉटेलांची चित्रं येत होती आणि जात होती. नवलनगरी पार्कच्या फाटकाला लागून असलेलं ‘गरुडमाची’ महाग होतं, पण दुपारी मुलं कंटाळली तर खोलीवर आणून झोपवता आली असती. घोटीकडचं ‘विसावा’ स्वस्त होतं, खोलीतच छोटंसं स्वयंपाकघर होतं, पण रोज सकाळी बसच्या रांगेत उभं राहावं लागलं असतं. तळ्याकाठी तंबूही होते आणि तेरा वर्षांच्या मुक्ताला तंबूच हवे होते. मिरजेहून जायच्या वाटाही तितक्याच. पुण्यापर्यंत रेल्वे आणि पुढे पार्कची बस, नाहीतर रात्रीची स्लीपर बस, नाहीतर दारातून उचलून दारात सोडणारी विनाचालक गाडी.

आठवडाभर रक्तपेढीत पिशव्या तपासून, नोंदवून, शीतकपाटात रचून हेमांगीचे खांदे भरून आलेले असत. सुटीची आखणी हे तिला दुसऱ्या पाळीचं काम वाटायला लागलं होतं.

“आई, हृदयातली नाव पहिल्या दिवशी की दुसऱ्या?” निहारने विचारलं. नवलनगरीत चार मजली उंच काचेचं हृदय होतं आणि त्याच्या कप्प्यांमधून नावेत बसून फिरता येत असे. सात वर्षांच्या निहारने आतापासूनच झडपांची नावं पाठ केली होती.

“आधी तुझी आत्याआजी हो म्हणू दे. मग नाव.”

“ती नेहमी नकोच म्हणते,” मुक्ता मान वर न करता म्हणाली. “दोनदा आग्रह केला की येते.”

“ते मला कळतं गं. या यंत्राला कोण सांगणार?”

यंत्राला सांगायचं म्हणजे काय, ते जरा नीट समजून घ्यायला हवं.

पूर्वी हॉटेल चुकलं हे तिथे गेल्यावर कळायचं. आता निघायच्या आधी कळतं. यामागची युक्ती अवघड नाही. उद्या पाऊस पडेल की नाही हे हवामान खातं कसं सांगतं? संगणकात आकाशाची एक नक्कल उभी करतं आणि ती पुढे पळवून बघतं. एकदाच नाही, पुष्कळदा, आणि दर वेळी सुरुवातीला किंचित फरक करून. त्यातल्या बहुतेक वेळा पाऊस पडला, तर उद्या छत्री घ्यायची. हेच माणसाच्या बाबतीतही करता येईल, हे सुचायला वेळ लागला. माणूस आकाशाहून लहरी असतो अशी आपली समजूत होती. तो तेवढा लहरी नसतो. मनगटावरचा पट्टा त्याची नाडी मोजतो, झोप मोजतो. कुठल्या गर्दीत त्याचा श्वास वाढला, कुठल्या खोलीत तो तीनदा जागा झाला, कुठलं जेवण त्याने अर्धवट टाकलं, हे वर्षानुवर्षं साठत जातं. त्यातून त्या माणसाचा एक साचा तयार होतो. लोक त्याला सावली म्हणू लागले. सहलीचं यंत्र घरातल्या सगळ्यांच्या सावल्या एकत्र करतं आणि त्यांना या हॉटेलात, त्या हॉटेलात, रेल्वेने, बसने हजारो वेळा सहलीला पाठवून आणतं. माणसं अजून घरातच चहा पीत असतात, आणि त्यांच्या सावल्या नवलनगरीत भांडून, दमून, आइस्क्रीम खाऊन परतलेल्या असतात.

प्रत्येकाच्या नावापुढे मग एक पट्टी दिसते. हिरवी झाली तर माणूस सुखात, पिवळी म्हणजे चालेल, तांबडी म्हणजे नको. ज्याची पट्टी तांबडी, त्याचं तिकीट यंत्र काढत नाही. म्हाताऱ्या माणसांना मनाविरुद्ध कुठेकुठे नेण्याचे, ठेवण्याचे प्रकार फार झाले, तेव्हा तसा कायदाच आला. सावलीचा नकार फिरवायचा असेल तर ज्याची सावली त्यानेच, स्वतःच्या तोंडाने, पूर्ण वाक्यात तसं सांगायचं.

शकूआत्यांची पट्टी तांबडी होती. तीन रविवार तांबडीच होती.

शकूआत्या म्हणजे हेमांगीच्या नवऱ्याची, श्रीरंगची, आत्या. तो निहारएवढा असताना त्याची आई गेली आणि आत्यांनी त्याला वाढवलं. लग्न केलं नाही. नगरपालिकेच्या बालवाडीत पस्तीसेक वर्षं दुसऱ्यांची मुलं सांभाळली आणि घरी येऊन भावाचं घर. आता श्रीरंगची मुलं. त्यांच्यावाचून सहल म्हणजे देवाशिवाय देव्हारा, असं श्रीरंग म्हणे.

हेमांगीने उसासा टाकून पुन्हा सुरुवात केली. आत्यांचे गुडघे दुखतात, म्हणून तळमजल्यावरची खोली घेतली. पट्टी तांबडी. कांदा-लसूण न घातलेलं जेवण मिळेल असं हॉटेल निवडलं. तांबडी. बस काढून रेल्वे घातली, रेल्वे काढून गाडी घातली, गाडीला वाटेत दोन जास्तीचे थांबे घातले. तांबडी. पार्कात फिरायला खुर्ची, खोलीला तळ्याकडची गॅलरी, सकाळच्या चहाला आल्याचा तुकडा. यंत्र प्रत्येक वेळी क्षणभर थांबे, सगळ्या सावल्यांना सहलीला नेऊन आणे आणि तेच उत्तर देई. दरम्यान हेमांगीच्या स्वतःच्या वाट्याला प्रत्येक हॉटेलात जमिनीवरची जादा गादी आली होती. तिची पट्टी पिवळी होती. गादीवर काय, ती कशावरही पिवळीच राहत असे.

“तुमच्या यंत्राला आपलं ‘नको’ समजत नाही,” ती भिंतीला म्हणाली.

भिंतीवर मदतीची पाटी उघडली. त्यात लिहिलं होतं की हा दोष पहिल्या आवृत्तीत होता. आपल्याकडे पाहुणा आधी नको म्हणतो आणि मग दोन पोळ्या जास्त खातो, हे तेव्हा यंत्राला ठाऊक नव्हतं, आणि त्या पहिल्या वर्षी कितीतरी आज्या-आजोबा घरीच राहिले होते. आता यंत्र शब्दांवर जात नाही. नको म्हणताना नाडी काय करते, आवाजाची पट्टी कुठे जाते, आणि आग्रहाला मान देऊन गेल्यावर त्या रात्री झोप कशी लागते, हे ते बघतं. मानभावी नको वेगळं आणि मनापासूनचं नको वेगळं.

हेमांगीने ते दोनदा वाचलं.

यंत्रात आणखी एक कप्पा होता, मागे राहणाऱ्यांच्या सोयीचा. तिने तो या आधी उघडलाच नव्हता. उघडण्यातही काहीतरी वंगाळ वाटत होतं. तरी उघडला. आत्यांना साताऱ्याला वंदनाताईंकडे, म्हणजे श्रीरंगच्या बहिणीकडे, ठेवून पाहिलं. तांबडी. घरीच ठेवून सोबतीला वंदनाताईंना बोलावलं. तांबडी. शेजारच्या कुलकर्णीबाई रात्रीपुरत्या सोबतीला. थोडी फिकट झाली, पण तांबडीच. दिवसभराची बाई लावली. नाहीच. हेमांगीला आता अक्षरं दोन-दोन दिसायला लागली होती. कुणाला घालावं हे न सुचून तिने सोबतीची चौकट पुसून टाकली आणि रिकामीच सोडली.

पट्टी हिरवी झाली. अशी हिरवी की घरातल्या कुणाचीही तशी कधी झाली नव्हती. हृदयातल्या नावेत बसलेल्या निहारचीसुद्धा.

दुपारी आत्या मागच्या गॅलरीत मटार सोलत बसल्या होत्या. हेमांगी जाऊन शेजारी बसली आणि तिनेही एक मूठ शेंगा पुढ्यात ओढल्या.

“ठरलं का गं हॉटेल?” आत्यांनी विचारलं.

“नाही. आत्या, तुम्हाला खरंच यायचं नाहीये?”

“मी कशाला? तुम्ही जा चौघं. मला तिथे काय करायचंय? निहारला सांभाळायला हवी असेन तर येते हो.”

“ते नेहमीचं झालं. मी खरं विचारतेय. तुम्हाला घरी राहायचंय. एकटीला. सोबत नकोय.”

आत्यांच्या बोटांतली शेंग उघडली आणि दाणे खाली घरंगळले. त्यांनी ते उचललेही नाहीत.

“कोण म्हणालं?”

“तुमची सावली.”

“मेली चुगलखोर!” आत्या म्हणाल्या. मग त्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “श्रीरंगला नाही ना सांगितलंस?”

“नाही.”

“नको सांगू. त्याला वाटेल, मला तुम्ही नकोसे झालात. तसं नाही गं. देवाशपथ तसं नाही.” त्यांनी पुढची शेंग हातात घेतली. “आम्ही सात भावंडं. एका खोलीत झोपायचो. मग बालवाडी, मग दादाचं घर, मग तुमचं. बहात्तर वर्षांची झाले, पण एका घरात एकटी अशी मी एक रात्र झोपलेली नाही. एक अख्खा दिवससुद्धा तसा गेला नाही. मागे तुम्ही सगळे कराडच्या लग्नाला गेलात ना, तेव्हा दुपारभर होते. तुम्ही संध्याकाळी आलात आणि गाडीचा आवाज ऐकून मला… जाऊ दे.”

“सांगा ना.”

“रडू आलं. तुम्ही आलात म्हणून रडू आलं. हे काय बोलायचं झालं का कुणापाशी?”

हेमांगीने खाली पडलेले दाणे वेचून वाटीत टाकले.

“काय कराल पाच दिवस?”

“काय करायचंय? भूक लागली की जेवेन. म्हणजे मला भूक लागते तरी केव्हा, ते एकदा कळेल. आजवर सगळ्यांबरोबर लागलीय.” आत्या ओशाळं हसल्या. “आणि कुणी विचारणार नाही, आत्या काय करताय, आत्या कुठे आहात, आत्या चष्मा पाहिलात का. कुणी हाक मारली नाही तर माणसाला कसं वाटतं, ते बघायचंय.”

“महाबळेश्वरला आला होतात. गोव्याला आला होतात.”

“आले होते ना. तुम्ही एवढं म्हणत होतात. नाही कसं म्हणायचं?” मग त्या जरा नवलाने म्हणाल्या, “इतक्या वर्षांत माझं नको कुणी ऐकलं असेल, तर ते त्या भिंतीने.”

संध्याकाळी श्रीरंगने सूत्रं हाती घेतली. हेमांगीला जे तीन रविवारांत जमलं नाही ते आपण पाच मिनिटांत करू, असा त्याचा आविर्भाव होता. भिंतीवर एका बाजूला हॉटेलं होती आणि दुसऱ्या बाजूला साताऱ्याहून वंदनाताई, हातात लाटणं घेऊन.

“आत्याला सोडून जाताय? लोक शेण घालतील तोंडात,” वंदनाताई म्हणाल्या.

“सोडून कोण जातंय, ताई? ती येतेय. आत्या, इकडे ये. बस इथे.”

आत्या पदराला हात पुसत आल्या आणि खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

“तू येणारेस की नाही?”

“अरे, मी कशाला…”

“झालं एकदा! आता दुसऱ्यांदा विचारतो,” श्रीरंग हसला. मग त्याने आत्यांचा हात हातात घेतला आणि त्याचा आवाज खरोखरच हळवा झाला. “तू नसलीस तर मला तिथे गोड लागेल का काही? मी लहान होतो तेव्हा तू मला जत्रेतल्या पाळण्यात बसवायचीस आणि स्वतः खाली उभी राहायचीस. आता मला तुला बसवायचंय. एवढं तरी करू दे मला.”

निहारही येऊन आत्याआजीच्या मांडीला चिकटला. आत्यांनी सगळ्यांकडे बघितलं. हेमांगीकडे बघितलं नाही.

“बरं बाबा. येते.”

“शाब्बास! म्हण आता यंत्राला.”

यंत्राने मृदू आवाजात सांगितलं, “शकुंतलाबाई, तुमची सावली नको म्हणते आहे. ते बदलायचं असेल तर कृपया पूर्ण वाक्य म्हणा: मला या सहलीला यायचं आहे.”

आत्या सावरून बसल्या. बालवाडीत तपासणीला साहेब आले की बसत असतील तशा. “मला,” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. “मला या…”

“थांबा,” हेमांगी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. आत्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. ही आता गॅलरीतलं सगळं सांगणार, अशी. हेमांगीला ते दिसलं. खरं सांगावं तर श्रीरंगला लागणार. तो पुढची दहा वर्षं आत्यांकडे बघून विचारणार, तुला आम्ही नको होतो का. आणि आत्या पुन्हा कधीही कशालाही नको म्हणणार नाहीत.

“मला त्यांना न्यायचं नाहीये,” ती म्हणाली.

“काय?” श्रीरंगला आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं.

“मला. मला नकोत त्या या सहलीत. मी दमलेय, श्रीरंग. तिथे त्यांच्या गोळ्यांच्या वेळा कोण बघणार? पथ्य कोण बघणार? जिन्यापाशी हात कोण देणार? तू पाळण्यात असशील. पाच दिवस तरी मला कुणाचं काही बघायचं नाही.”

हे म्हणता म्हणता तिला जाणवलं की आपण सगळंच काही खोटं बोलत नाही आहोत. त्यामुळे तिचा आवाज कापला आणि तो कापल्यामुळे सगळ्यांचा त्यावर विश्वास बसला.

“मुलांसमोर बोलतेस हे? तिच्यासमोर?” श्रीरंग उभा राहिला. “जिने मला…”

“माहीत आहे कोणी तुझ्यासाठी काय केलं. माहीत आहे.”

“मी म्हटलंच होतं,” साताऱ्याहून वंदनाताई म्हणाल्या. नक्की काय म्हटलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. लाटणं मात्र खाली ठेवलं. आता स्वयंपाकापेक्षा महत्त्वाचं काही घडत होतं.

शकूआत्यांनी तोंड उघडलं. हेमांगीने ते पाहिलं, अगदी स्पष्ट. ओठ विलग झाले, हात थोडा वर आला. मग त्यांनी तोंड मिटलं आणि हात निहारच्या डोक्यावर ठेवला.

“राहू दे रे श्रीरंग,” त्या म्हणाल्या. “मी राहीन घरी. माझं काही नाही.”

“एकटी? रात्री काही झालं तर?”

“मनगटावर हे आहे ना कडं. मला शिंक आली तरी दवाखान्यात कळतं. वंदे, तू येऊ नकोस गं. तुझी परीक्षेची पोरं आहेत घरात.”

यंत्राने चौघांसाठी ‘गरुडमाची’ आणि दारातून गाडी सुचवली. श्रीरंगने हो म्हटलं आणि हेमांगीकडे न बघता तो बाहेर फेऱ्या मारायला निघून गेला. मुक्ता आईकडे बराच वेळ टक लावून बघत राहिली. तिला काहीतरी विचारायचं होतं, पण तिने विचारलं नाही. हेमांगीला त्याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

जेवणं झाली. हेमांगी भांडी विसळत होती. आत्या फडकं घेऊन शेजारी उभ्या राहिल्या आणि एकेक ताट पुसू लागल्या.

“मी बोलायला हवं होतं,” त्या म्हणाल्या.

“हं.”

“तोंडाशी आलं होतं माझ्या.”

“पाहिलं मी. मग का नाही बोललात?”

आत्यांनी ताटाची कड पुसली, मग तीच कड पुन्हा पुसली.

“पाच दिवस मिळत होते गं,” त्या म्हणाल्या.

हेमांगीला राग यायला हवा होता. तो शोधायचा तिने प्रयत्नही केला, पण इतकी दमली होती की तो सापडेना. तिने पुढचं ताट त्यांच्या हातात दिलं.

त्यानंतरचे दिवस काही सोपे गेले नाहीत. श्रीरंग कामापुरतं बोले. वंदनाताईंनी नात्यात कुणाकुणाला काय सांगितलं ते फोनवर कोणीतरी हळूच “कशी आहेस गं” असं विचारलं की कळे. रक्तपेढीतून दमून येऊन हेमांगी बॅगा भरत होती आणि आत्यांसाठी श्रीरंगने फ्रीजवर लावलेल्या सूचना वाचत होती. एकदा तिच्या मनात आलं की सांगून टाकावं. तिने श्रीरंगला हाकही मारली. तेवढ्यात आतून आत्यांचं गुणगुणणं ऐकू आलं. त्या कधी गुणगुणत नसत. हेमांगी म्हणाली, “काही नाही. मोजे सापडत नव्हते.”

निघायच्या सकाळी गाडी दारात येऊन उभी राहिली. बॅगा मागे गेल्या. मुलं पुढच्या बाकावर, मागे तोंड करून बसली. या घराची एक रीत होती. जाणारा कोपऱ्यावर वळेपर्यंत राहणाऱ्याने दारात उभं राहायचं, हात हलवायचा आणि “पोचल्यावर फोन करा” असं ओरडायचं. आत्यांनी ती रीत जन्मभर पाळली होती. श्रीरंग शाळेत जायचा तेव्हासुद्धा.

श्रीरंगने काच खाली केली. “आत्या, सांभाळून राहा. औषध विसरू नकोस. मी रोज…”

“हो रे. जा आता,” आत्या म्हणाल्या.

गाडीने सगळ्यांचे पट्टे लागलेत का ते तपासलं, रस्ता मोकळा आहे का ते पाहिलं, आणि ती हलायच्या आतच दार बंद झालं. धाडकन नाही, नीट, पूर्ण. आतून कडी लागल्याचा आवाज गाडीपर्यंत आला.

“पाहिलंस?” श्रीरंग म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “हातसुद्धा हलवला नाही तिने. उभीसुद्धा राहिली नाही. किती लागलंय तिच्या मनाला, बघ.”

हेमांगीने बंद दाराकडे पाहिलं. मग मान मागे टेकली आणि डोळे मिटले.

“हो,” ती म्हणाली. “माझंच चुकलं.”

गाडी कोपऱ्यावर वळली.